२५५ फुटांचा मनोरा आणि मागची हाउसगल्ली

मुंबई महापालिकेच्या जुन्या इमारतीचं कौतुक ऐकून ऐकून कान किटले, म्हणून हे लिहायला घेतलं. इमारत देखणी आहे, त्याबद्दल भांडण नाही. बोरीबंदरला उतरलेला माणूस कितीही घाईत असला तरी एकदा मान वर करतोच. आमच्या हातखंब्याकडचा चाकरमानी आधी बोटीनं आला, मग येष्टीनं आला, आता कोकण रेल्वेनं येतो. चार पिढ्या त्यानं ती इमारत खालून वर बघितलीय. भांडण आहे ते तिचा जो इतिहास छापून येतो त्याच्याशी. रविवारच्या पुरवणीत अर्धं पान, चकचकीत पुस्तकात चार पानं, आणि २०२१ साली तर इमारत आतून दाखवायचा हेरिटेज वॉकही सुरू झाला. वारसा म्हणे! कुणाचा वारसा, कुणाकडून आला, आणि त्यात आमचा हिस्सा किती, एवढाच माझा सवाल आहे. मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर उभा राहणारा माणूस. वास्तुशास्त्र कॉलेजात शिकलो नाही. पण भिंत कुठं संपते आणि दुसऱ्याची हद्द कुठं सुरू होते, हे शिकायला आमच्या माणसाला कॉलेजात जावं लागत नाही.

आधी त्यांचा इतिहास सांगतो. पुरता सांगतो, कारण आपल्या पोरांना तोही माहीत नाही, आणि न वाचता शिव्या घालण्यात काही दम नसतो.

पालिकेची कचेरी पहिल्यांदा गिरगाव रस्त्याच्या टोकाला एका साध्या इमारतीत होती. १८७० साली ती एस्प्लनेडवर हलली, वॉटसन हॉटेल आणि ससून मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट यांच्या मधल्या जागेत. ९ डिसेंबर १८८४ रोजी नव्या इमारतीची कोनशिला व्हॉइसरॉय लॉर्ड रिपननं बसवली. हा रिपन म्हणजे १८८२ साली स्थानिक स्वराज्याचा ठराव काढणारा. इथल्या लोकांनी आपल्या गावचा कारभार आपण बघायला शिकावं असं त्याचं म्हणणं. कोनशिला बसली आणि बांधकाम रखडलं. नकाशा कुणाचा घ्यायचा? चिशोम नावाचा वास्तुविशारद हिंदी-मुसलमानी घाटाची इमारत मांडत होता, तिला इंडो-सारासेनिक म्हणतात. दुसरा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. समोरचं बोरीबंदर स्टेशन त्यानंच उभं केलेलं. त्याचा गॉथिक नकाशा पास झाला, १८८९ ला काम लागलं आणि १८९३ ला पुरं झालं. गॉथिकच्या डोक्यावर त्यानं घुमट बसवला, म्हणजे शेवटी हिंदी घाटाचंही थोडं घेतलंच.

जागा दोन रस्त्यांच्या बेचक्यातली. म्हणून इमारतीचं नाक पुढं आणि दोन्ही हात मागं पसरलेले. मधोमध २५५ फुटांचा मनोरा. दर्शनी त्रिकोणावर पंख असलेली एक दगडी बाई उभी आहे, तिच्या हातात जहाज. तिचं नाव लॅटिनमध्ये, उर्ब्ज प्रायमा इन इंडिस. हिंदुस्थानातलं पहिलं शहर. मुंबईकरांतल्या किती जणांना त्या काळी लॅटिन वाचता येत होतं कुणास ठाऊक! जहाज मात्र सगळ्यांना कळत असणार. कापूस आणि अफू ज्या जहाजांतून गेली त्यांच्यावरच ह्या शहरातले वाडे आणि धर्मशाळा उभ्या राहिल्या. समोर सर फिरोजशहा मेहतांचा पुतळा, तो १९२३ सालचा. मेहतांना मुंबईच्या नगरशासनाचा जनक म्हणतात, आणि १८८८ च्या महापालिका कायद्यात त्यांचा मोठा हात होता हे खरंच आहे.

इथपर्यंत सगळं पुरवणीत येतं. आता तो १८८८ चा कायदा उघडा. उघडाच एकदा. दगडाच्या नक्षीकामापेक्षा त्यात जास्त नक्षी आहे.

त्या कायद्यानं घरमालकावर जे कर बसवले त्यात एक सर्वसाधारण कर होता, एक पाणीपट्टी होती, आणि तिसरा होता हलालखोर कर. नीट वाचा. मैला उचलायचा कर म्हटलं असतं तरी चाललं असतं, सफाईचा कर म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण कायदा करणाऱ्या शहाण्यांनी कराला माणसांच्या एका जमातीचं नाव दिलं. लोहाराचं नाव दिवाबत्तीच्या कराला नाही, गवंड्याचं नाव रस्त्याच्या कराला नाही. पाणी खात्याच्या माणसावरून पाणीपट्टीचं नाव पडलं नाही. फक्त ह्या एका कामाला करून घेणाऱ्यांनी माणूसच चिकटवला. घराच्या बिलावर दरसाल जात छापून यायची आणि शेठ सही करून ती भरायचे. पुढं नाव बदललं, मलनिस्सारण कर झालं. नाव बदललं की काम बदलतं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा गटाराच्या तोंडाशी उभं राहून बघावं.

हलालखोर हा शब्दही काय शब्द आहे! हलालाचं, म्हणजे कष्टाचं आणि न्यायाचं खाणारा. शब्दकोशात एवढा मान आणि उंबऱ्यावर एवढी विटाळाची भीती, दोन्ही एकाच तोंडात.

आता मूळ मुद्द्यावर येतो. महापालिकेची इमारत म्हणजे फक्त तो मनोरा, असं समजणं हीच पहिली लबाडी. महापालिकेनं आपल्या नियमांनी सगळं शहर बांधलं. त्या शहरात टोपलीचे संडास होते. खाली टोपली, वर बसायचा दगड. टोपली रोज कुणीतरी काढायची. काढणाऱ्यानं पुढच्या दारानं यायचं नाही, जिन्यानं चढायचं नाही, कुणाच्या नजरेला पडायचं नाही. मग त्याला वाट कुठून? दोन इमारतींच्या मध्ये एक अरुंद गल्ली सोडायची. कागदावर ती हाउसगल्ली. लोकांच्या तोंडी तिला दुसरं नाव होतं, भंगी गल्ली. दक्षिण मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या पाठीला अजूनही कुठं कुठं लोखंडी गोल जिना चिकटलेला दिसतो, अंगाला अंग घासेल इतका अरुंद. तो जिना आग लागली तर पळायला नव्हता. मजल्यामजल्यावरचा मैला खाली आणायला होता. डोक्यावर टोपली घेऊन त्या गोल पायऱ्यांवरून उतरून बघा, मग गॉथिक कमानीच्या उंचीबद्दल बोला.

हीच ती वास्तुकला. पुढून गॉथिक, मागून गावकूस. आमच्या गावात बौद्धवाडी गावाच्या एका अंगाला आहे, ती तिथं का आहे हे कुणाला सांगावं लागत नाही. पण कोकणातून पळून मुंबईला आलेल्या माणसाला वाटलं, इथं गावकूस नाही. होतं ना. त्यांनी ते उभं करून इमारतींच्या मध्ये घातलं, चार फुटांचं केलं आणि त्याला इंग्रजी नाव दिलं. गिरणीतही तेच. आमच्या पणज्याच्या पिढीला विणकाम खात्यात घेत नव्हते, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे आणि थुंकीचा विटाळ होई. पगार जास्त कुठल्या खात्यात होता? त्याच खात्यात. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला होता. असो, गिरणीवर लिहायला बसलो तर अंक पुरायचा नाही.

इमारत पुरी होऊन तीन वर्षं झाली आणि १८९६ साली मांडवीत प्लेग आला. भद्र मंडळींनी गाशा गुंडाळला. लाखो माणसं शहर सोडून गेली. तेव्हाचा म्युनिसिपल कमिशनर स्नो, त्याला सगळ्यात मोठी धास्ती कसली होती? डॉक्टर पळतील ह्याची नव्हे, नगरसेवक पळतील ह्याची तर मुळीच नव्हे. हलालखोर आणि झाडूवाले शहर सोडून गेले तर मुंबई राहायच्या लायकीची उरणार नाही, ही धास्ती. त्यानं ती आपल्या अहवालातच मांडलेली आहे. ती माणसं राहिली. प्लेगातल्या गल्ल्यांतून मैला काढत राहिली, प्लेगानं मेलीसुद्धा. हिंदुस्थानातलं पहिलं शहर त्या वर्षी त्यांच्या हातांवर तगलं. त्या मनोऱ्याच्या खाली त्यांच्या नावाचा एक दगड तरी आहे का? दगडी बाईच्या हातात जहाज दिलं, झाडू द्यायची कुणाची छाती झाली असती?

प्लेगनंतर १८९८ ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्यानं वस्त्या पाडून रस्ते काढले आणि चाळी बांधल्या, त्या ह्या बी.आय.टी. चाळी. १९३३ ला ट्रस्ट महापालिकेत मिळाला. परळच्या बी.आय.टी. चाळीत १९१२ पासून बाबासाहेबांचं बिऱ्हाड होतं. महाडचा सत्याग्रह झाला तेव्हाही ते ह्याच चाळीत राहत होते. दोन खोल्या आणि मजल्यावर सामायिक संडास. हेरिटेज म्हणायचंच असेल तर तिथून सुरुवात करा ना! नक्षी नाही म्हणून अडलंय का?

आणखी एक गोष्ट त्या सभागृहाची. उंच छत, कोरीव लाकूड, वर्णनं करताना लेखणी थकत नाही. त्या खुर्च्यांवर बसायला कोण निवडून देत होतं? कर भरणारे. ज्याच्या नावावर घर नाही, ज्याच्या नावाचाच कर दुसरा भरतो, त्या हलालखोराला मत नव्हतं. सर्व प्रौढांच्या मतदानावर मुंबई महापालिकेची पहिली निवडणूक झाली ती १९४८ साली. म्हणजे इमारत बांधून ५५ वर्षं झाली तरी ती साफ करणारा तिच्यासाठी मत टाकू शकत नव्हता. आणि २०२२ च्या मार्चमध्ये सभागृहाची मुदत संपली तेव्हा पुढं वर्षानुवर्षं निवडणूकच झाली नाही, प्रशासकानं कारभार हाकला. रिपनचं स्थानिक स्वराज्य त्याच्या कोनशिलेवर गप बसून राहिलं.

आता हातखंब्याच्या तिठ्यावर या माझ्याबरोबर. एक रस्ता रत्नागिरीला जातो, एक कोल्हापूरकडं, एक गोव्याला आणि एक मुंबईला. मुंबईच्या रस्त्याला लागलं की संगमेश्वर, चिपळूण, खेड, आणि घाट उतरला की महाड. मुंबईची पालिका बघायला आपण महाडवरून पुढं जातो आणि महाडची पालिका कुणी बघत नाही. तिच्यावर मनोरा नाही, पंखवाली बाई नाही. पण आपल्या चळवळीच्या हिशोबानं हिंदुस्थानातली पहिली नगरपालिका तीच आहे, कारण तिच्या ठरावबुकात आपला जन्म लिहिलाय आणि आपलं मरणही लिहायचा प्रयत्न झालाय.

आधीचं सांगतो. रावढळचे गोपाळबाबा वलंगकर, पलटणीतून निवृत्त झालेले, १८८८ साली 'विटाळविध्वंसन' लिहिणारे. १८९५ साली सरकारनं त्यांना महाड तालुक्याच्या लोकल बोर्डावर नेमलं. केवढा गहजब झाला! वर्तमानपत्रांत रकाने भरले. माणूस रस्त्यावर झाडू मारताना चालतो, बैठकीत शेजारी चालत नाही. मुंबईत मनोरा उभा राहून दोन वर्षं झाली होती तेव्हा.

मग ४ ऑगस्ट १९२३. सीताराम केशव बोले, भंडारी समाजातले, त्यांनी मुंबईच्या कौन्सिलात ठराव आणला. सरकारी पैशानं बांधलेली किंवा चालवलेली तळी, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करा. ठराव पास झाला. १९२४ ला महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. नगरपालिकेत सुरबानाना टिपणीसांसारखी माणसं होती, त्यांना मानलंच पाहिजे. पण ठराव कागदावर आणि तळं होतं तसंच. तीन वर्षं कुणी ओंजळ भरली नाही, कारण भरणाऱ्याचं डोकं फुटलं असतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारोंना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्याच दिवशी आपल्या माणसांची डोकी फुटली. मग शुद्धी म्हणून १०८ घागरी पाणी उपसून तळ्यात शेणमूत-दूधदही ओतलं. शेणामुताचं पाणी ह्यांना चाललं, आपल्या ओंजळीचं चाललं नाही.

आणि मग नगरपालिकेनं काय केलं? ४ ऑगस्ट १९२७ ला आपलाच ठराव रद्द केला. तारीख बघा. बोले ठरावाला बरोबर चार वर्षं झाली त्या दिवशी. डोकी फोडणाऱ्यांनी डोकी फोडली, पण तळं पुन्हा बंद झालं ते हात वर करून, खुर्चीवर बसून, शाईनं लिहून. डिसेंबरात कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम आला. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, ते तुम्हाला पाठ आहे. पुढचं पाठ नाही, म्हणून लिहितो.

पुढं दहा वर्षं खटला चालला. समोरच्या पार्टीचं म्हणणं, तळं स्पृश्यांच्या खाजगी मालकीसारखं आहे आणि अस्पृश्यांनी तिथं न येण्याची रूढी अनादी काळची आहे. बाबासाहेबांनी काय धरलं? तळं नगरपालिकेचं आहे, सार्वजनिक आहे, हे धरलं. मालकीचा मुद्दा धरला! १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टात निकाल लागला, अनादी रूढी सिद्ध झाली नाही, अपील फेटाळलं. ज्या नगरपालिकेनं ठराव फिरवून आपल्याला धोका दिला, तिच्याच मालकीच्या जोरावर तळं आपलं झालं. पालिकेची गादी आपल्या ताब्यात नव्हती, पण ती सगळ्यांची आहे हे कायद्यानं कबूल करायला लावलं. हे डोकं होतं त्या माणसाचं. आणि आपण त्या दिवसाचं काय केलं? २० मार्चला गाड्या भरून महाडला जातो, तळ्याला हात लावतो, फोटो काढतो आणि परत. ठरावबुक बघायला किती जण गेलात?

राग येऊ द्या. माझं भांडण जेवढं पुरवणीवाल्यांशी आहे तेवढंच आपल्यांशी आहे. आपला कार्यकर्ता नगरपालिकेच्या पायऱ्या कधी चढतो? १४ एप्रिलच्या मिरवणुकीची परवानगी काढायला आणि पुतळ्याच्या जागेसाठी. पुतळा पाहिजेच, त्याबद्दल दुमत नाही. पण पुतळ्याच्या पायथ्याची गटार साफ करणारा कायम आहे की कंत्राटी, हे त्याला विचारलं तर तो आभाळाकडं बघतो. बाबासाहेबांनी १९३५ साली म्युनिसिपल कामगार संघ काढला. मुंबईतल्या सफाई कामगारांसाठी काढला. त्यात मैला काढणारे पुष्कळसे गुजरात-काठेवाडकडून आलेले होते आणि कचरा उचलणारे पुष्कळसे आपले, कोकण-घाटावरचे महार. दोघांना एका युनियनमध्ये आणायचा त्यांचा इरादा होता. नंतर आपल्यातले काही शिकले, साहेब झाले, आणि मेघवाळ-वाल्मीकी वस्तीकडं बघायचं विसरले. नवीन गल्ली तयार झाली, आपल्या दोघांच्या मधली. तिला काय नाव द्यायचं ते तुम्हीच ठरवा.

कचरा वाहतूक श्रमिक संघानं कंत्राटी कामगारांची केस वर्षानुवर्षं लढवली आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुमारे २,७०० कामगारांना महापालिकेचे कायम कामगार ठरवून घेतलं. ती तारीख कुणाच्या कॅलेंडरवर आहे? डोक्यावरून मैला वाहायला बंदी करणारा कायदा १९९३ चा, दुसरा २०१३ चा. २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या घरी १० लाख द्या. ऑक्टोबर २०२३ ला ते ३० लाख केले. मरणाचा भाव वाढवायची पाळी येते, म्हणजे मरण थांबलेलं नाही एवढं तर अडाण्यालाही कळतं. गटारात उतरणारा मात्र आता पालिकेच्या पगारपत्रकावर सापडत नाही. तो कंत्राटदाराच्या ठेकेदाराचा माणूस असतो. हाउसगल्ली कागदातही निघाली म्हणायची.

इमारती पाडा, असं मी म्हणत नाही. काही पोरं म्हणतात, साहेबाची नि शेठची इमारत, आपल्याला काय करायचंय! हे साफ चूक आहे. तिचा प्रत्येक दगड कराच्या पैशाचा आहे, आणि त्या करांत एका कराला आपल्या माणसाचं नाव होतं. इतका सरळ मालकीहक्क शेठकडंसुद्धा नसेल. ती इमारत आपली आहे, म्हणून तिच्या माहितीत आपलं लिहिलं गेलं पाहिजे. वाढीव काही मागत नाही. स्टीव्हन्सचं नाव राहू द्या, रिपनचं राहू द्या. त्याखाली एवढंच घाला: "ही इमारत ज्या कायद्यानं चालली त्यात हलालखोर नावाचा कर होता. १८९६ च्या प्लेगात शहर ज्यांनी सोडलं नाही ते हे लोक. १९४८ पर्यंत त्यांना ह्या सभागृहासाठी मत नव्हतं." मजकूर आम्ही फुकट देतोय. एखादी जुनी हाउसगल्ली आणि एखादा लोखंडी गोल जिना पाडायच्या आधी तसाच राखा, आणि हेरिटेज वॉकवाल्यांना तिथंही न्या. नाकाला रुमाल लावून का होईना.

आणि दर अंकाला नुसत्या कविता पाठवणाऱ्या दोस्तांना एक काम. मीही कविता लिहितो, म्हणून हक्कानं सांगतो. तुमच्या गावच्या नगरपालिकेत किंवा नगरपंचायतीत माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका. सफाई कामगार कायम किती आणि कंत्राटी किती, ठेकेदार कोण, गटार साफ करायचं यंत्र कोणतं आणि ते शेवटचं कधी चाललं, आणि १९२३ नंतर सार्वजनिक पाणवठे खुले करायचा ठराव आपल्या पालिकेनं केला होता का, केला असेल तर त्याची नक्कल. अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तेही लागत नाही. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. हातखंब्याला नगरपालिका नाही, ग्रामपंचायत आहे. माझा अर्ज मी तिथं टाकतोय. आलेली उत्तरं संपादकाकडं धाडा, जशीच्या तशी स्टेन्सिल कापून छापू.